नवी सकळ लिपी

गेल्या मराठी भाषा गौरव दिनी आमच्या महाविद्यालयाने एका माजी विद्यार्थ्याला पाहुणा म्हणून बोलावले होते. धारूर तालुक्यातल्या एका वस्तीवरचा मुलगा. बारावीला माझ्या वर्गात होता, पुढे अभियांत्रिकीला गेला, आज पुण्यात प्रोग्रॅमर आहे. २७ फेब्रुवारीच्या पाहुण्याने कुसुमाग्रजांविषयी चार शब्द बोलावेत, मायबोलीची थोरवी सांगावी आणि शाल-श्रीफळ घेऊन परतावे, ही आपली रीत. याने ती पाळली नाही. त्याने तीन विधाने केली. सॉफ्टवेअर मुक्तच असले पाहिजे, हे पहिले. मराठी विज्ञानकथा म्हणजे विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकाला चिकटवलेली गोष्टीची शेपटी, हे दुसरे. आणि तिसरे असे : "तुम्हा साहित्यवाल्यांना यंत्र कळत नाही, म्हणून तुमच्या भाषेचे पुढे काय व्हायचे ते आता आम्ही ठरवणार."

टाळ्या पडल्या. तिसऱ्या विधानाला सर्वांत जास्त पडल्या, आणि वाजवणाऱ्यांत आमच्या मराठी विभागातले सहकारीही होते. प्रस्तुत लेख त्या टाळ्यांविरुद्ध आहे. पाहुण्याविरुद्धही आहे, पण जरा कमी.

पहिल्या विधानाबाबत मी त्याच्याहून कडवा आहे, आणि त्याला कारण आहे. २००४ साली मी एम.फिल.चा शोधनिबंध सादर केला. विषय मराठी विज्ञानकथेचाच होता. हस्तलिखित एका डीटीपी केंद्रात दिले. तिथल्या मुलाने ते त्या काळी सर्वत्र चालणाऱ्या एका कंपनीच्या मराठी फाँटमध्ये अक्षरजुळणी करून सीडीवर दिले. त्या फाँटला संगणकाच्या पाठीमागे खोचायचे एक कुलूप होते, त्याला ते लोक डोंगल म्हणत. कुलूप डीटीपीवाल्याचे, फाँट कंपनीचा, सीडी माझी. पुढे केंद्र बंद पडले. काही वर्षांपूर्वी त्या निबंधातील एक प्रकरण लेखासाठी हवे म्हणून फाइल उघडली, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरे, स्वल्पविराम, कंस आणि टक्क्यांची चिन्हे यांचा खच. तीन वर्षांचे काम, आणि त्यात एक अक्षर मराठी नाही.

एक अक्षर मराठी नाही, हे मी शब्दशः म्हणतो आहे. त्या पिढीचे फाँट कसे चालत हे मराठीच्या प्राध्यापकाला माहीत असायला हवे, पण नसते. फायलीत 'क' साठवलाच जात नसे. इंग्रजी अक्षराचा क्रमांक साठवला जाई आणि फाँट त्या क्रमांकावर 'क'चा मुखवटा चढवी. कोणत्या क्रमांकावर कोणता मुखवटा, हे प्रत्येक कंपनी आपापले ठरवी आणि तो तक्ता आपल्यापाशी ठेवी. मुखवटा गेला की खालचा इंग्रजी कचरा उघडा पडतो. भारतीय लिप्यांसाठी इस्की ही सार्वजनिक मानक संकेतप्रणाली १९९१ साली मान्य झालेली होती. युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत, म्हणजे त्याच वर्षी, देवनागरीला जागा मिळालेली होती. तरीही पुढची पंधरा-वीस वर्षे आपण वृत्तपत्रे, प्रश्नपत्रिका, शासकीय परिपत्रके, कवितासंग्रह आणि प्रबंध या मुखवट्यांतच जुळवत राहिलो.

मराठीच्या अभ्यासकाला हा प्रकार अनोळखी वाटू नये. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपी, सुंदरी लिपी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिले. अक्षराच्या जागी दुसरे अक्षर, आणि उलगड्याची किल्ली पंथाच्या आत. आद्य मराठी गद्य म्हणून आज आपण जे वर्गात शिकवतो, ते शतकानुशतके पंथाबाहेरच्या मराठी वाचकाला असून नसल्यासारखे होते. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे यांच्यासारख्या संशोधकांनी त्या लिपीचा उलगडा केला तेव्हा मराठी साहित्याचा इतिहास नव्याने लिहावा लागला. पण महानुभावांपाशी कारण होते. त्यांना आपली शास्त्रे जपायची होती, अवहेलनेपासून आणि आक्रमणापासून. आम्ही मात्र आमचे सगळे लेखन सांकेतिक लिपीत नेऊन ठेवले ते कशासाठी? डीटीपीवाला म्हणाला, "सर, हाच चालतो" म्हणून! शिवाय किल्ली आमच्या पंथाकडेही नव्हती. ती दुकानदाराकडे होती.

धारूरहून अंबाजोगाई जवळ. तिथे दासोपंतांची पासोडी आहे : सुमारे ४० फूट लांबीचे कापड, त्यावर त्यांनी पंचीकरण लिहिले. दासोपंत १६१५ साली गेले. चारशे वर्षांचे ते सुती कापड आज जीर्ण आहे, पण ज्याला त्या वळणाची अक्षरे लागतात तो ते वाचू शकतो. कोणा विणकराची परवानगी त्याला लागत नाही. माझी सीडी जेमतेम वीस वर्षांची आहे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आमच्याकडेही पेढे वाटले गेले, मीही खाल्ले. त्या दिवसापासून प्राचीनत्वाच्या पुराव्यांवर मी कितीतरी व्याख्याने ऐकली. १९९० ते २०१० या वीस वर्षांतील मराठीचे काय, ती कोणत्या फायलींत आणि कोणाच्या फाँटमध्ये कुजत पडली आहे, असे एकाही वक्त्याने विचारले नाही. गाथासप्तशती वाचता येते आणि आपल्याच विद्यापीठातला २००१ सालचा प्रबंध संगणकावर वाचता येत नाही, याची लाज कोणत्या दर्जाने झाकायची?

आता 'मुक्त' या शब्दाविषयी. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, त्या चळवळीला तेव्हापासून एका शब्दाने छळले आहे. इंग्रजीत स्वतंत्र आणि फुकट यांना एकच शब्द. त्यामुळे त्या गृहस्थांना जन्मभर, आपण स्वातंत्र्याविषयी बोलतो आहोत, किमतीविषयी नव्हे, हे समजावत फिरावे लागले. मराठीत ही अडचणच नाही. 'मुक्त' वेगळे, 'फुकट' वेगळे, आणि 'फुकट' शब्दात जी एक बारीकशी तुच्छता आहे ती तर अनमोल. भारत सरकारने २००५ पासून भारतीय भाषांची सॉफ्टवेअरे सीडीवर घालून वाटली, तेव्हा ती फुकट होती. पण त्यातले सर्वच काही उघडून, तपासून, दुरुस्त करून पुन्हा वाटता येईल अशा अर्थाने मुक्त नव्हते. हा फरक आपल्या भाषेने आपल्याला आयता दिलेला असताना आपण 'फ्री' म्हणतो आणि पुन्हा गोंधळात पडतो. १९९८ साली अमेरिकेतील काही मंडळींनी 'ओपन सोर्स' हे व्यापाऱ्याला न घाबरवणारे नाव पुढे आणले, आणि स्वातंत्र्याचा मुद्दा मागे सरकून सोयीचा पुढे आला. आमचा पाहुणा 'मुक्त' म्हणत होता, पण त्याची सारी उदाहरणे सोयीची होती : स्वस्त पडते, लवकर दुरुस्त होते, कंपन्याही वापरतात. खरे आहे. तेवढ्यासाठी मी मात्र हा लेख लिहिला नसता.

माझ्या मते हा प्रश्न मुळात संहितेचा आहे, म्हणजे आमच्या विषयाचा आहे. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. नकलाकारांच्या हातून पाठ बिघडले होते, कोणी आपल्या ओव्या घुसडल्या होत्या. नाथांनी पाठ निश्चित केला आणि यापुढे कोणी यात आपली ओवी मिसळू नये, असे बजावले. आजच्या भाषेत तो एक परवानाच : वाचा, उतरवून घ्या, वाटा, पण बदलू नका. १९८९ साली आलेला ग्नूचा सार्वजनिक परवाना म्हणतो : वाचा, उतरवा, वाटा आणि बदलासुद्धा, मात्र काय बदलले ते नोंदवा आणि पुढच्यालाही हेच हक्क द्या. नाथांची अट आणि ही अट परस्परविरोधी दिसतात. पण नाथांना त्रास झाला होता तो न सांगता केलेल्या बदलाचा. कोणती ओवी कोणाची, हे कळायची सोय असती तर त्यांचे निम्मे काम हलके झाले असते.

ही सोय आज आहे. लिनस टोरव्हाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्सच्या कामासाठी 'गिट' नावाची प्रणाली लिहिली. तिच्यात प्रत्येक ओळ कोणी, कधी बदलली याची नोंद राहते. जुना पाठ नाहीसा होत नाही. दोन शाखा फुटल्या तर त्या कुठे फुटल्या ते दिसते. पाठचिकित्सेचा पेपर शिकवताना आपण हस्तप्रतींची वंशावळ फळ्यावर काढतो ना, ती इथे आपोआप निघत असते. जगातली सर्वांत काटेकोर पाठचिकित्सा आज प्रोग्रॅमर करतात, आणि आपण पाठचिकित्सा करतो आहोत हे त्यांना ठाऊक नाही. आम्हाला पाठचिकित्सा ठाऊक आहे आणि आम्ती ती करत नाही. महाराष्ट्रातल्या किती मराठी विभागांनी एखाद्या संतकवीची संहिता पाठभेदांसह अशा प्रणालीत उघडी ठेवली आहे? उत्तर वाचकांनी आपापल्या विभागापुरते द्यावे.

दुसऱ्या विधानाकडे वळतो. मराठी विज्ञानकथा ही पाठ्यपुस्तकाची शेपटी, हा आरोप नवा नाही, आणि तो पूर्ण खोटाही नाही. श्री. बा. रानडे यांची 'तारेचे हास्य' ही १९१५ची कथा आपण स्वतंत्र मराठी विज्ञानकथेचा आरंभ मानतो. पण या प्रकाराला खरा जोर आला तो १९७०नंतर, मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धांमुळे. परिषदेचे काम विज्ञानप्रसाराचे, त्यामुळे कथेच्या खांद्यावर प्रसाराचे ओझे पहिल्यापासून आले. पात्रे एकमेकांना जी माहिती सांगतात ती दोघांनाही आधीच ठाऊक असते; प्राध्यापक बोलतात, पुतण्या प्रश्न विचारतो. माझ्या शोधनिबंधाचे एक पूर्ण प्रकरण यावर होते. (ते प्रकरणही सीडीतच आहे.)

पण आमच्या पाहुण्याने मराठीत काय वाचले होते? 'यक्षांची देणगी', तेही शाळेत. अरुण साधूंसारख्या पत्रकार-कादंबरीकाराने लिहिलेली 'विप्लवा' त्याने ऐकलीही नव्हती. सुबोध जावडेकरांचे नाव त्याला मी सांगितले. अ‍ॅसिमॉव्ह, हाइनलाइन, डग्लस अ‍ॅडम्स मात्र तोंडपाठ. बेचाळीस हा आकडा उच्चारून तो हसला; सभागृहात आणखी दोघे हसले, आणि त्या तिघांनी एकमेकांकडे असे पाहिले की जणू पंथाची खूण पटली. गीक संस्कृती म्हणतात ती हीच. तिच्यात कष्ट आहेत, कामावरून माणसाची किंमत करण्याची सुंदर सवय आहे, आणि खुणेचा शब्द न कळणाऱ्याविषयी एक थंड हसूही आहे. त्या हसण्यात मला अगदी आमच्या साहित्य-वर्तुळातले हसू दिसले. 'अरे, तुम्ही मर्ढेकर वाचले नाहीत?' हे वाक्य आपणही कधीतरी त्याच सुरात उच्चारलेले असते.

आणि कामावरूनच किंमत करायची, तर त्या पंथाने आपला सर्वांत मोठा मराठी पुरावा ओळखलेलाच नाही. १९७४ साली जयंत नारळीकर जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ होते. परिषदेच्या स्पर्धेसाठी त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. आद्याक्षरे उलटी केली, आणि परीक्षकांनी हस्ताक्षर ओळखू नये म्हणून कथा पत्नीकडून लिहवून घेतली. कथेला पहिले बक्षीस मिळाले. नाव बाजूला ठेवा, माल तपासा, हे याहून स्वच्छपणे कोणी केले आहे? पुढे २०२१च्या नाशिक साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले आणि २० मे २०२५ रोजी ते गेले. त्यांच्या 'वामन परत न आला'मध्ये जमिनीखाली खोल एक पेटी सापडते. लुप्त झालेल्या प्रगत संस्कृतीने तिच्यात आपले ज्ञान ठेवलेले असते आणि सापडवणाऱ्यांना ते उलगडता येते. त्या कादंबरीच्या यंत्रमानवाविषयी बरेच लिहिले गेले. मला आता वेगळेच दिसते. त्या नष्ट झालेल्या लोकांनी आपला मजकूर अनोळखी वाचकाला उलगडता येईल असा ठेवला होता. आम्ही जिवंत असून स्वतःला उलगडेल असाही ठेवला नाही.

तरी एक गोष्ट पाहुण्याच्या बाजूने मान्य करायला हवी. यंत्र कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न मराठी विज्ञानकथेने फारसा विचारला नाही. तिचे शास्त्रज्ञ सज्जन किंवा माथेफिरू असतात. परवान्याची अट वाचणारा कोणी नसतो. हा प्रश्न विचारणारी कथा एका प्रोग्रॅमरनेच लिहिली. फेब्रुवारी १९९७ मध्ये स्टॉलमन यांची 'वाचण्याचा हक्क' या अर्थाच्या नावाची छोटी कथा संगणकशास्त्राच्या एका व्यावसायिक मासिकात आली. २०४७ सालचा एक विद्यार्थी. वर्गमैत्रीण त्याच्याकडे संगणक उसना मागते. दिला, तर ती त्यातली त्याची पुस्तके वाचेल, आणि पुस्तक वाचायला देणे हा तुरुंगाचा गुन्हा आहे. बस्स, एवढीच. पात्रे पुठ्ठ्याची, भाषा परिपत्रकाची; कथा म्हणून मी तिला उत्तीर्णापुरतेच गुण देईन. पण जुलै २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने विकलेली ऑर्वेलची '१९८४' ही कादंबरी हक्कांच्या वादातून ग्राहकांच्या वाचनयंत्रांतून रातोरात परत काढून घेतली, पैसे परत केले आणि नंतर माफी मागितली. दुकानदार घरात येऊन कपाटातून पुस्तक घेऊन गेला, आणि पुस्तक तरी कोणते! ज्या कथेला मी काठावर पास केले तिचे निम्मे भाकीत बारा वर्षांत खरे झाले.

उरले तिसरे विधान, ज्याला टाळ्या पडल्या ते.

दिवाळी झाली की आमच्या तालुक्यातली गावे रिकामी होतात. ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात, त्यांत आमचे विद्यार्थीही असतात. बी.ए. तृतीय वर्षाची एक मुलगी गेल्या हंगामात कारखान्याच्या तळावरून आपला प्रकल्प-निबंध मला पाठवत होती : फोनवर टंकलेला, परिच्छेदापरिच्छेदाने, कोपीवर रेंज येईल तसा. तिच्या फोनच्या पोटात लिनक्सचा गाभा आहे. बहुतेक अशा फोनांत देवनागरी दाखवणारा फाँट मुक्त परवान्याचा असतो. तिच्याकडून मिळालेले प्रत्येक अक्षर खरोखरचे मराठी होते, आणि पन्नास वर्षांनीही ते मराठीच राहील. तोच निबंध आमच्यासारख्या महाविद्यालयातल्या संगणकावर छापायला घेतला की कोणीतरी म्हणतो, "आधी आपल्या फाँटात टाइप करून घ्या." आणि तो संगणक बहुधा चोरीच्या सॉफ्टवेअरवर चालतो. चोरी करून गुलामी पत्करावी, हा आमचा खास शैक्षणिक शोध.

तेव्हा पाहुण्याला माझा प्रश्न असा, की भाषेचे पुढे काय व्हायचे ते 'आम्ही' ठरवणार, यातला 'आम्ही' कोण? तू पुण्यात बसून बंद कंपनीचा बंद कोड लिहितोस आणि लॅपटॉपवर पेंग्विनचे चित्र चिकटवतोस, तो? मुक्त सॉफ्टवेअरची माहिती मराठीत किती लिहिलीस? त्या मुलीने तुमच्या एखाद्या चर्चेत मराठीतून शंका विचारली, तर तिला 'आधी माहितीपुस्तिका वाचा' असे इंग्रजीत ऐकवाल ना? दुसरी रीतही आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रभरातून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. माजलगावच्या भीमनगरातील बायांच्या, बाबासाहेबांवरच्या ओव्याही त्यांत आहेत. बर्नार्ड बेल हे संगणकाचे जाणकार १९९०च्या दशकात त्या कामात आले. ते खेड्यांत जाऊन ध्वनिमुद्रण करत आणि परतून त्या ओव्यांचा संगणकीय संग्रह उभारत. जात्यावर बसणाऱ्या बाईने काय गायचे ते आपण ठरवणार, असे त्यांनी म्हटल्याचे ऐकिवात नाही.

हे सगळे मी त्याला कार्यक्रमानंतर चहावर, जरा आवाज चढवून, सांगितले. तो गप्प होता. मग म्हणाला, "सर, ती सीडी द्या."

पंधरा दिवसांनी फाइल आली. कोणा अनोळखी माणसाने त्या फाँटचा तक्ता खपून उलगडला होता आणि मुक्त परवान्याखाली ठेवून दिला होता. याने तो वापरला. माझा निबंध, दोनशे बारा पाने, युनिकोडमध्ये. मी पहिले पान वाचले आणि हसू आले. लक्ष्मण लोंढ्यांच्या 'दुसरा आइन्स्टाइन'वर मी जिथे जिथे लिहिले होते तिथे 'दुसऱ्या'चा 'दुसर्या' झाला होता. डोंगरदऱ्या सगळ्या दर्या झाल्या होत्या. धारूरच्या घाटात समुद्र आला होता. तक्त्यात अर्ध्या ऱ-ची खूणच चुकली होती, आणि रफार घातला की चालते, असे त्या मूळ माणसाने धरलेले दिसत होते. मराठीत ते चालत नाही. आचार्यांना दिलेले मानधन आणि आचाऱ्यांना दिलेले मानधन यांत फरक असतो, निदान असावा. रफाराने मागच्या अक्षरावर आघात येतो, ऱ्य-ने येत नाही, हे मी त्याला फोनवर समजावले. बारावीत समजावले होते तेव्हा त्याचे लक्ष नव्हते.

तक्ता त्याने लगेच दुरुस्त करून मूळ ठिकाणी पाठवला. पण जुन्या तक्त्यातून लोकांच्या ज्या फायली आधीच गेल्या आहेत आणि ज्यांच्या मूळ प्रती उरलेल्या नाहीत, त्यांतला प्रत्येक 'र्य' कोणता, हे आता शब्दागणिक ठरवावे लागणार. त्यासाठी त्याने माझ्याकडे शब्दांची यादी मागितली आहे : कुठे रफार, कुठे ऱ्य, आणि कुठे दोन्ही शक्य. संध्याकाळी शब्दकोश घेऊन बसतो. सध्या 'म'पर्यंत आलो आहे.